लाटेचा माथा

पट्टीवाल्याने वाकून आकडा पाहिला, पुन्हा एकदा पाहिला, आणि वहीत एकतीस लिहिलं.

नदीच्या पाण्यात उभी केलेली ती लोखंडी पट्टी, पांढरी, काळ्या रेघांची. रोज सकाळी आठला पंपघरातून चाळीस पायऱ्या उतरायच्या, पट्टीवरची पातळी वाचायची आणि आकडा साहेबांना द्यायचा, हे त्याचं एकवीस वर्षांचं काम. पाणी तिसाच्या खाली गेलं की पंप बंद करायचे, तसा करारच होता. पंप बंद म्हणजे डोंगरापलीकडच्या जिल्ह्याचं पाणी बंद. तिकडे बघता बघता इमारती उभ्या राहत होत्या, आणि त्यातल्याच एकीच्या सातव्या मजल्यावर त्याची मुलगी दोन महिन्यांची तान्ही घेऊन राहत होती.

पंपांच्या ओढीने पट्टीपाशी पाणी सारखं हिंदकळायचं. लाट बसली की मगच वाचायचं, हा या कामातला पहिला धडा. चार नवख्यांना तो त्यानेच शिकवला होता. गेले चार दिवस मात्र लाट वर चढली की तो पटकन वाचून मोकळा होत होता. आकडा काही मनाचा नव्हता, पट्टीवर दिसत होता, क्षणभर का होईना. तरी मन खायचं ते खातच होतं.

गुडघ्यांवर हात टेकत तो वर आला. साहेब खुर्चीत तसेच बसलेले, दाढी वाढलेली, फोन मांडीवर.

"किती?"

"एकतीस."

"वाचलो." साहेबांनी डोळे चोळले. "सकाळपासून चौदा फोन आलेत तिकडून. अजून सहा दिवस काढले की त्यांचा तलाव भरेल. सहा दिवस तेवढी पट्टी टिकवा, काका."

"पट्टी कुठे जातेय, साहेब? लोखंडाची आहे."

दोघंही हसले, पण हसण्यात काही जोर नव्हता.

तेवढ्यात दारात त्याची ताई उभी राहिली. दोन्ही हातांत एकेक रिकामा कॅन, चपला काखेत. ती नदीच्या पलीकडच्या काठावर राहायची, खालच्या अंगाला. साहेबांकडे बघून ती जराशी संकोचली, मग भावाला म्हणाली, "एवढे दोन भरून दे रे. कालपासून आमच्या विहिरीला नुसता गाळ येतोय. चहा केला तर पावडर घालायला नको, असं पाणी."

"अगं, इतक्या सकाळी नाव सुटली?" कॅन घेत त्याने विचारलं.

"नाव कसली घेऊन बसलास! नावाडी तीन दिवस घरात लोळतोय. चालत आले."

त्याने खाली पाहिलं. ताईच्या पायांना घोट्यापर्यंत ओला चिखल होता. त्याच्या वर सगळं कोरडं. भर उन्हाळ्यातही तिथे नावाड्याचा बांबू तळाला लागत नसे. मुलगी लहान असताना तिला त्या नावेत बसवायचं म्हणजे रडून गोंधळ. आत्याच्या गळ्याला मिठी मारायची आणि पलीकडचा काठ येईपर्यंत डोळे उघडायची नाही.

त्याने पंपघराच्या नळावर दोन्ही कॅन काठोकाठ भरले, झाकणं घट्ट लावली. मग वही उचलली.

"आता कुठे निघालास?"

"आलोच."

पुन्हा चाळीस पायऱ्या. पट्टीपाशी तो उकिडवा बसला. लाट वर आली, एकतीसला टेकली. त्याने ती जाऊ दिली. पुढचीही जाऊ दिली. मग पाणी जरा बसलं, आणि त्याने वाचलं. अठ्ठावीस.

वर येऊन त्याने वही साहेबांपुढे उघडी ठेवली.

"तासाभरात तीनने उतरलं?"

"तासाभरात नाही, साहेब. चार दिवसांत. मी लाटेचा माथा वाचत होतो."

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. रागावणार, असं वाटलं. मग त्यांची नजर ताईच्या पायांवर गेली. चिखल वाळून फरशीवर पडायला लागला होता. मांडीवरचा फोन वाजला. त्यांनी तो टेबलावर पालथा घातला, स्वतः उठले आणि एकामागून एक तिन्ही पंप बंद केले.

इतकं शांत झालं, की ताईने कानात बोट घालून हलवलं. "माझे कान गेले की काय रे?"

डोंगरापलीकडे पोहोचायला पाण्याला दीड दिवस लागायचा. पाइपात होतं तेवढं तर जाणारच होतं. पट्टीवाल्याने बाहेरच्या पायरीवर बसून मुलीला फोन लावला.

"घरात असतील नसतील तेवढी भांडी भरून ठेव. बाळाचे कपडे आजच धुऊन घे. परवापासून नळाला पाणी येणार नाही."

"असं कसं? काल तर तुम्ही एकतीस म्हणालात! बाबा, ही एवढीशी पोर घेऊन मी सातव्या मजल्यावर..." तिचा आवाज फुटला.

करार, नियम, पातळी, सांगण्यासारखं बरंच होतं. ते सगळं बाजूला ठेवून त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. तो फार थकला होता.

"आत्या आलीय," तो म्हणाला. "नदीतून. चालत."

पलीकडे बाळ कुरकुरलं, गप्प झालं. मग बादली नळाखाली ओढल्याचा आवाज आला.