मास्तरांचं उत्तर

डॉक्टर ग्रासिएला यांच्या पत्राला एव्हेलियो मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं. चार ओळींच्या त्या पत्रात त्यांना तीन चुका सापडल्या. त्या त्यांनी लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या, पत्र एका जाड कादंबरीत खुणेसाठी घातलं आणि विषय संपवला. पत्रात प्रश्न एकच होता : 'तुमच्या नातीला पहिली गोळी कोणी दिली? ती नाव सांगत नाही. एखाद्या विकणाऱ्याला ती पाठीशी घालते आहे, असं न्यायाधीशांना वाटतं. तसंच वाटत राहिलं तर तिला सुधारगृहात धाडतील.'

आता मास्तर त्याच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसले होते. कोर्टाचा हुकूम सगळ्या घराला होता. गोळ्या पोरीने खायच्या, औषधाच्या दुकानाची काच पोरीने फोडायची आणि उपचार मात्र आजोबावर! मायामीतल्या चौदा वर्षांत अमेरिकेचे पुष्कळ चमत्कार त्यांनी पाहिले होते. हा त्या सगळ्यांवर कडी करणारा होता. त्यात खुर्च्या गोल मांडलेल्या. हवानात त्यांच्या वर्गात पोरं रांगेत बसत, आणि कुणाचं डोकं फिरत नसे.

'घरी बोलता तसंच बोला,' डॉक्टर म्हणाल्या. 'मी इथे नाहीच असं समजा.'

'त्याला फारसे कष्ट पडायचे नाहीत,' मास्तर म्हणाले.

'नाव सांग त्या हरामखोराचं!' जावई ओरेस्तेस लेकीवर ओरडला. पंधरा वर्षांची इदाल्मिस खिडकीबाहेर पाहत राहिली. 'बघा, बघा महाराणींचं मौनव्रत!'

'असेल कुणी केस वाढवलेला गिटारवाला,' मास्तर म्हणाले. 'त्याच्यासाठी कोठडीत जायची तयारी. काय पण निष्ठा!'

'आजोबा, तुम्ही तरी बोलू नका ना.'

'का? माझं तोंड काय भाड्याने आणलंय?'

इदाल्मिसच्या आईने, नेरेइदाने, छातीवर हात दाबला. 'पापा, मला कसंतरीच होतंय.'

एवढं कानावर पडलं की मास्तरांचा हात आपोआप कोटाच्या खिशात जाई. पत्र्याची चपटी डबी बाहेर आली. घालमेलीची गोळी, जीव शांत करणारी. मायामीतल्या आठव्या रस्त्यावरच्या कुठल्याही क्यूबन घरात अशी डबी असेच, आणि कॉफीबरोबर साखर फिरावी तशी ती फिरे. हवानाहून तार आली, अर्धी. कुणाची मयत, अर्धी. पोरीची परीक्षा, अर्धी. मास्तरांनी अंगठ्याच्या नखाने गोळी मोडली. अर्धी लेकीला दिली. ओरेस्तेसने ओरडता ओरडताच, न बघता, हात पुढे केला. उरलेली अर्धी त्याला. मग दुसरी गोळी मोडली. अर्धी स्वतःच्या जिभेवर ठेवली आणि राहिलेली अर्धी घेऊन हात सवयीने पुढच्या खुर्चीकडे वळला.

तिथे इदाल्मिसचा तळवा आधीच उघडा होता. ती अजून खिडकीबाहेरच पाहत होती.

डॉक्टरांची पेन्सिल थांबली. 'ही केव्हापासून घेते, मास्तर?'

'ही?' मास्तर हसले. 'अहो बाई, हे औषध आहे! आठ वर्षांची असताना, चर्चमध्ये पहिल्या प्रसादाच्या दिवशी पोरगी थरथरत होती, तेव्हा मीच तर तिला...'

अर्धी गोळी त्यांच्या बोटांतच राहिली.

इदाल्मिसने रिकामी मूठ मिटून घेतली. 'कशाला बोललात, आजोबा?' ती म्हणाली.

ओरेस्तेसने तोंडातली अर्धी गोळी बोटाने बाहेर काढली. ती कुठे टाकावी हे त्याला कळेना.

'मी पाहिलं ते मी लिहीन,' डॉक्टर म्हणाल्या. 'पण न्यायाधीश म्हणतील, बाई पोरीची बाजू घेते. मला उत्तर तुमच्या हातचं हवंय. मागितलं होतं ते.'

घरी येऊन मास्तर लिहायला बसले. सात पानं झाली. त्यात जहाज होतं, सुटलेली शाळा होती, बायकोचं आजारपण होतं, निर्वासितांच्या थकल्या जिवांबद्दल एक सुंदर परिच्छेद होता. त्यांनी पानं वाचून पाहिली. चूक एकही नव्हती. उत्तरही नव्हतं. एखाद्या विद्यार्थ्याने असलं काही आणून दिलं असतं तर त्यांनी ते सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवून त्याची चामडी लोळवली असती. ती सात पानं त्यांनी फाडली.

मग कादंबरीतलं पत्र काढलं. लाल खुणा खोडरबराने पुसल्या; कागद थोडा विरला. प्रश्नाखाली त्यांनी लिहिलं : 'मी दिली. ती मला पाठीशी घालते आहे.'

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत लिफाफा पडला. आवाज नुसत्या कागदाचा नव्हता, आतल्या पत्र्याचा होता. मास्तरांना कसंतरीच झालं आणि सवयीने हात कोटाच्या खिशात गेला. खिसा रिकामा होता.