जुन्या धावपट्टीचं माप

नव्या स्टेडियमचा सातवा नकाशाही परत आला, तेव्हा आर्किटेक्ट बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. क्रीडा मंडळाच्या अध्यक्षांचं एकच तुणतुणं. गॅलरी बांधा, छप्पर घाला, मधे फुटबॉल बसवा, काय हवं ते करा. पण जुन्या धावपट्टीला हात लावायचा नाही. तरुणपणी त्याच पट्टीवर एक फेरी मारून त्यांनी चारशे मीटरचा विक्रम केला होता, आणि तो आजतागायत शहरात कुणाला मोडता आला नव्हता.

भिंतीवर डोकं आपटलं तर टेंगूळ आपल्यालाच येतं, असं पुटपुटत बाईंनी शेवटी हार मानली. जुनी पट्टी ठेवून भोवती स्टेडियम बसवायचं, तर आधी तिचं माप हवं. त्या स्वतः टेप घेऊन मैदानात उतरल्या. दोनदा मोजलं, मग अध्यक्षांना फोन लावला.

"साहेब, तुमची पट्टी चारशे भरतच नाही. बारा मीटर कमी आहे."



"मॅडम," अध्यक्ष म्हणाले, "तुमचा पहिलाच नकाशा चांगला होता. जुनी पट्टी उद्याच उखडून टाका."