वर केलेला हात

आधी पदाधिकाऱ्यांची मुलं सरकारी शाळेत जातील, मगच शाळा सुधारायच्या गोष्टी करू, असा ठराव पक्षाच्या मेळाव्यात मांडला गेला आणि अख्ख्या सभागृहाने हात वर केले. महिला आघाडीच्या शैलजाताईंचा हात तर सगळ्यांच्या आधी वर गेला.

जूनमध्ये त्यांनी लेकीचं नाव इंग्रजी शाळेतून काढलं आणि तिला जिल्हा परिषदेच्या शाळेत आणून बसवलं. बाहेर ओळखीची एकही गाडी दिसेना, तेव्हा त्यांनी तालुकाध्यक्षांना फोन लावला.

"दादा, कुठवर आलात?"

"अहो ताई, तुम्ही खरंच नाव काढलंत?" पलीकडून हसू फुटलं. "ठराव पेपरात छापून आला, झालं की काम! उद्याच परत घाला तिला तिकडे."

उद्या कशाला, आत्ताच नेते, म्हणत ताई तरातरा वर्गाच्या दाराशी आल्या. आत बाई विचारत होत्या, "यंदा नवीन कोण कोण आलंय? हात वर करा बरं."

सतरंजीवरून एकच हात वर झाला. लेकीने इकडेतिकडे पाहिलं. आपण एकट्याच आहोत हे तिला कळलं, पण हात काही तिने खाली घेतला नाही.

ताई दारातूनच मागे फिरल्या.