परतीची तारीख

कर्मचाऱ्यांची एक हजार चारशे बारा नावं नव्या सर्व्हरवर सुखरूप पोचली. एकच अडलं. जुन्या सर्व्हरवरचे तक्ते इकडे ओढून आणणारं ते नवं प्लगिन मोठं शिस्तीचं होतं. रिकामी चौकट दिसली की हटून बसायचं. कारणही त्यानं पडद्यावर दिलं होतं: यूनुस, रजेवर, परतीची तारीख नाही.

कंपनीच्या ऑफिसात हे काम करणारा चंद्रहास त्या ओळीवर थांबला. सहा वर्षांपूर्वी समुद्रातल्या तेलाच्या नळ्या तपासायला गेलेली बोट उलटली होती. बाकीचे सापडले, यूनुस सापडला नाही. प्रेत नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून कंपनीनं तात्पुरतं 'रजेवर' लिहिलं आणि विसरून गेली. चंद्रहासला विसरणं जमलं नाही. कुवेतच्या अब्बासिया वस्तीत दोघं एकाच खोलीत राहायचे, तेव्हा दोघंही नळ्या तपासायच्याच कामावर होते. त्या दिवशी बोटीवर जायची पाळी खरं तर चंद्रहासची होती. तो तापानं फणफणला, म्हणून यूनुस गेला. हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

दर शनिवारी, शुक्रवारची सुट्टी संपून ऑफिस उघडलं की रत्नागिरीजवळच्या गावाहून यूनुसच्या आईचा, झुलेखाचाचीचा फोन यायचा. कंपनीत पोराचं नाव आहे ना अजून, एवढंच ती विचारायची. आहे, असं तो सांगायचा आणि ते खोटं नव्हतं.

आज शनिवारच होता. दुपारी जुना सर्व्हर कायमचा बंद होणार होता. कुठलीही एक तारीख टाकली की काम भागत होतं. त्यानं टाकलीही, पुढच्या ईदची. पण ती ईद आली आणि यूनुस आला नाही, तर चाचीला काय सांगायचं? त्यानं तारीख पुसली. हे नाव सोडून पुढे जा, असं प्लगिनला सांगितलं. त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात फोन वाजला.

"चाची, यूनुसचं नाव आता राहिलं नाही," तो कसाबसा म्हणाला. "आणि त्या दिवशी बोटीवर..."

चाचीनं त्याला पुढे बोलू दिलं नाही.

"ठाऊक आहे मला, बाबा. तुझी पाळी घेतोय, हे निघताना त्यानंच फोनवर सांगितलं होतं. तू एकटाच ते मनात घेऊन झुरशील, म्हणून दर शनिवारी तुझा आवाज ऐकत होते."