डब्यांचा वर्ग

उद्योगांची वर्गवारी ठरवणाऱ्या कचेरीत प्लॅस्टिकच्या बादल्यांचा कारखानदार आला आणि नमुन्याचा निळा डबा टेबलावर ठेवून, अधिकारी बाईंसमोर खुर्ची ओढून ऐसपैस बसला.

“बाई, बादल्यांच्या वर्गात किती दिवस कुजवणार आम्हाला? वर्षभर जेवणाचे डबेही काढतोय. डब्यांच्या वर्गात टाका, म्हणजे शाळांची कामं मिळतील.”

बाईंनी तो डबा उघडून वास घेतला आणि झाकण हलकेच लावलं.

“डबे कशापासून केलेत, याची त्या वर्गात नेहमी तपासणी होते. बादल्यांना ती नसते. बघा हं, पुन्हा विचार करा.”

“तपासणीवाले काय, आपलीच माणसं! टाका तुम्ही.”

रोज देवाकडे एकच मागणं मागणाऱ्या बाईंनी शांतपणे शिक्का मारला.

“येणार कोण तपासायला? चहापाण्याचं आधीच बघून ठेवतो.”

“माझी धाकटी बहीण,” बाई मऊ आवाजात म्हणाल्या. “चहा नको तिला. कीटकनाशकाच्या जुन्या पिंपांचा चुरा डब्यांत घालू नका म्हणाली, म्हणून सगळ्या कामगारांसमोर तुम्ही जिला गेटाबाहेर काढलंत ना, तीच. पिंपं कुठे लपवता, ते तिला दाखवावं लागणार नाही.”