भुईआवळ्याला आवतण

पार्बताबाईच्या हाताला गुण होता. महागावपासूनची माणसं कावीळ झाली की तिच्याच दारात यायची. आता तिचेच डोळे पिवळे झाले होते. भुईआवळा परसात पायाशी उगवला होता, पण आपलं औषध आपल्याच हातानं उपटलं तर लागू पडत नाही, अशी सासूची शिकवण. त्याला दुसऱ्याचाच हात लागतो. "माय, मग शेजारी सांग ना कोणाले," पुण्याहून लेक फोनवर म्हणाली. "सांगतो," म्हणत तिनं फोन ठेवला. गल्लीतली घरं कधीचीच कुलूपबंद होती. जो तो शहराकडे गेलेला. तरी उपटण्याआधीच्या रीतीप्रमाणे तिन्हीसांजेला तिनं रोपापुढे अक्षता ठेवून आवतण दिलं, "उद्या सकाळी तुले न्यायले कोणीतरी येईन. तयार राह्य, बापा." मग आत येऊन तिनं चहाचे दोन कप विसळून पालथे घातले, अन् दाराची कडी न लावताच आडवी झाली.