ठकीचं बसकर

"अवं, ही वीण हाय का चाळणी?" हौसाबाईंनी मागावरचं विणकाम नखानं टोकरलं. त्यांचा नवरा तातोबा जत्रेच्या घोंगड्या तशाच ठेवून मेलेल्या ठकी मांजरीच्या आठवणीला बसकर विणत बसला होता, आणि तेही भोकाभोकाचं!

ठकीनं काय कमी छळलं होतं? दुधात तोंड घालायची, लोकरीच्या कांड्या घरभर पळवायची आणि झोपायची ती नेमकी मागाच्या खड्ड्यात, पायानं दाबायच्या उजव्या फळीखाली. दुपारी हौसाबाईंची विणायची पाळी आली की रोज तेच ओरडणं, "आधी हिला उचला!"

"उजवी फळी पुरती दाबतच न्हाई तुम्ही," त्या कडाडल्या. "धागं उचलत न्हाईत, धोटा अडकतोय. खाली कोण झोपलंय आता?"

"पायाला कळत न्हाई," तातोबा पुटपुटले.

"उठा! जिती होती तवा डोक्याला ताप, मेल्यावरबी ताप." पदर खोचून त्या मागावर बसल्या. खड्ड्यात पाय सोडले, चुकलेली वीण उसवली, धोटा फेकला आणि हात झपाझप चालू लागले.

वीतभर विणून झाल्यावर त्यांनी नख फिरवलं. पुन्हा तीच भोकं. त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं. त्यांचाच उजवा पाय फळीवर अर्ध्यातच थांबला होता, टाच हलकेच उचललेली.

तातोबाही वाकून त्या टाचेकडे बघत राहिले. तेवढ्यानंच हौसाबाईंचं डोकं फिरलं.

"बघत काय बसलाय?" त्या खेकसल्या. "आधी हिला उचला!"